पाळलेला सरडा अंगावर येतो तेव्हा

दुकानातून आणला तेव्हा तो तळहातावर मावत होता. हिरवागार, खांद्यावर निवांत बसणारा, मुलांच्या हातातून पाने खाणारा. तीन-चार वर्षांत शेपटीसह चार फुटांचा झाला, तरी स्वभाव बदलला नव्हता. मग एका हिवाळ्यात त्याच्या अंगावर नारिंगी झाक आली. तो सारखी मान हलवू लागला, खाणे कमी झाले, काचेवर धडका सुरू झाल्या. आणि एके दिवशी रोजच्यासारखे पाणी बदलायला गेलेल्या घरच्या बाईच्या मनगटाला त्याने कडकडून चावा घेतला. हिरवा इग्वाना पाळणाऱ्या घरांतून ऐकू येणारी गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच असते.

जखम घेऊन दवाखान्यात आल्यावर प्रश्नही ठरलेले असतात. विष चढेल का? रेबीजचे इंजेक्शन घ्यायचे का? प्राणी पिसाळला असेल का? आणि घरी परतल्यावरचा शेवटचा प्रश्न म्हणजे, इतकी वर्षे लेकरासारखा सांभाळला, तो उलटलाच कसा?

तो उलटलेला नसतो आणि पिसाळलेलाही नसतो. त्याचा विणीचा हंगाम सुरू झालेला असतो. तो दरवर्षी येणार असतो आणि प्राणी विकत घेताना ही गोष्ट बहुधा कोणी सांगितलेली नसते. परदेशी सरडे पाळण्याची हौस आता आपल्या शहरांतही रुजली आहे. अशा वेळी ही एक माहिती नसल्याने माणसांना इजा होते, माद्या पोटात अंडी अडकून मरतात आणि शेवटी वैतागलेले मालक प्राण्याला कुठेतरी झाडावर सोडून मोकळे होतात. तिन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत.

कुंपणावर दिसणारा धडा

इग्वानाचे हे वागणे समजून घ्यायला फार लांब जायला नको. उन्हाळा संपता संपता आणि पावसाच्या तोंडावर आपल्याकडच्या कुंपणांवर बागेतला साधा सरडा पाहावा. एरवी मातकट दिसणाऱ्या नराचे डोके आणि खांदे लाल-केशरी होतात. तो उंच जागा धरून बसतो आणि पुढच्या पायांवर वरखाली होत मान हलवतो. गावाकडची मुले त्याला रक्त पिणारा म्हणून दगड मारतात. तो कोणाचे रक्त पीत नाही. दुसऱ्या नराला ‘ही जागा माझी’ आणि मादीला ‘मी इथे आहे’ एवढेच तो सांगत असतो. दुसरा नर तरीही जवळ आला, तर तो त्याच्यावर धावून जातो.

हंगाम सरला की रंग उतरतो आणि तोच सरडा माणूस दिसताच पळून जातो. घरातला इग्वाना याच भाषेत बोलतो. फरक इतकाच, की तो बागेतल्या सरड्यापेक्षा कितीतरी मोठा असतो आणि त्याला पळून जायला कुंपणापलीकडचे रान नसते. त्याची धाव काचेच्या पेटीपर्यंत किंवा बैठकीच्या खोलीपर्यंत. त्या मर्यादेत येणारा प्रत्येक जण त्याच्या लेखी एक तर प्रतिस्पर्धी असतो, नाही तर जोडीदार.

हत्ती मदात आला की अनुभवी माहूतसुद्धा त्याच्यापासून अंतर ठेवतो, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या काळात हत्तीला कोणी कृतघ्न म्हणत नाही. इग्वानाच्या नराकडेही तसेच पाहायला हवे.

उजेड, ऊब आणि संप्रेरके

हिरवा इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. तिथे कोरड्या ऋतूत नर-मादी जोडी जमवतात, माद्या जमिनीत बीळ खणून अंडी घालतात आणि पाऊस सुरू होऊन कोवळा पाला फुटतो त्या सुमारास पिल्ले बाहेर येतात. हे वेळापत्रक पाळायचे, तर दिवस किती मोठा झाला, ऊन किती आहे, हे शरीराला कळले पाहिजे. त्यासाठी इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपक्यासारखा अवयव असतो. त्याला तिसरा डोळा म्हणतात. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड कळतो. ही माहिती मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीच्या यंत्रणेपर्यंत जाते आणि संप्रेरकांचे चक्र फिरू लागते. नरामध्ये टेस्टोस्टेरॉन वाढते आणि रंग, भूक, झोप, राग सगळेच बदलते.

घरात गडबड इथेच होते. दिव्याखाली दिवस कधी दहा तासांचा असतो, तर कधी सोळा तासांचा. गरम ठेवणारा दिवा रात्रभर चालू राहतो, सुटीच्या दिवशी उशिरा लागतो. शरीराला ऋतूच्या खुणा वेड्यावाकड्या मिळतात. त्यामुळे हंगाम साधारणपणे हिवाळ्याच्या सुमारास येत असला, तरी घरातल्या प्राण्यात तो पुढेमागे होऊ शकतो आणि लांबूही शकतो. काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत तो चालतो. नर दोन-तीन वर्षांचा झाला की तो पहिल्यांदा येतो. पहिल्या वर्षी कुटुंब बेसावध असते आणि जखमाही त्याच वर्षी होतात.

नराची चिन्हे ओळखताना

इग्वाना सहसा इशारा दिल्याशिवाय चावत नाही. आपल्याला तो वाचता येत नाही इतकेच. अंगावर, विशेषतः पुढच्या पायांवर आणि काट्यांच्या रांगेवर, नारिंगी रंग चढतो. मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला असलेली छिद्रे मोठी होऊन त्यांतून मेणासारखा स्राव येतो आणि तो प्राणी दिसेल त्या वस्तूवर मांड्या घासू लागतो. हे त्याचे हद्द आखणे. गळ्याखालची झालर ताणलेली राहते. मान हलवण्याचा वेग वाढतो. अंग बाजूने चपटे करून तो मोठा दिसण्याचा प्रयत्न करतो, शेपटीला झटके देतो, तोंड उघडतो. ही चिन्हे एकत्र दिसली, की त्या दिवशी हात लावायचा नाही.

जोडी जमताना इग्वानाचा नर मादीची मान मागून दातांत धरतो. घरात मादी नसेल, तर हाच प्रयत्न कधी माणसाच्या हातावर होतो, कधी उशीवर, कधी कोपऱ्यात ठेवलेल्या चपलेवर. घरातल्या एकाच व्यक्तीच्या मागे तो लागतो आणि बाकीच्यांना काहीच करत नाही, असेही घडते. यावरून त्या व्यक्तीने त्याला कधी मारले असेल, असे निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. आरशातले किंवा काचेतले स्वतःचे प्रतिबिंबही त्याला दुसरा नर वाटते आणि तो दिवसभर धुमसत राहतो.

उपाय साधे आहेत, पण ते चिन्हे दिसू लागताच करायला हवेत. आरसे झाका. पेटीच्या काचेवर आतून प्रतिबिंब दिसत असेल, तर बाहेरून कागद लावा. दिव्याला वेळ पाळणारे बटण बसवा आणि उजेडाचे व अंधाराचे तास ठरावीक ठेवा. पाणी बदलणे, साफसफाई ही कामे तो पेटीच्या दुसऱ्या टोकाला असताना किंवा सकाळी अंग तापण्याआधी करा. जाड लांब बाह्या, चामडी हातमोजे आणि मध्ये धरायला एक मोठा टॉवेल जवळ असू द्या. एखादे कापडी खेळणे किंवा गुंडाळलेला टॉवेल पेटीत ठेवला, तर बरेच नर आपली धडपड त्यावर करतात आणि माणसे वाचतात. यात हसण्यासारखे किंवा लाजण्यासारखे काही नाही. एका पेटीत दोन नर ठेवणे मात्र कोणत्याही हंगामात धोक्याचे.

मारणे, पाणी फेकणे, उलटे धरणे, उपाशी ठेवणे हे ‘वळण लावण्याचे’ प्रकार सोडून द्यावेत. सरड्याला त्यातून शिक्षा कळत नाही. माणूस हा शत्रू आहे एवढे मात्र पक्के कळते आणि हंगाम संपल्यावरही ते टिकते. नराच्या नसबंदीसारख्या शस्त्रक्रियेकडे काही मालक शेवटचा तोडगा म्हणून पाहतात. आक्रमकता एकदा सुरू झाल्यानंतर ती शस्त्रक्रियेने थांबेलच, असा भरवसा देता येत नाही. हा निर्णय सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याशी बोलूनच घ्यावा. शिवाय अचानक चिडचिड वाढण्यामागे दुखणेही असू शकते. तोंडातली जखम, मोडलेले बोट, पोटातला त्रास यांनीही शांत प्राणी चावतो. रंग बदललेला नाही, मान हलवणे नाही, पण प्राणी हात लावताच चिडतो, असे असेल, तर आधी तपासणी.

मादीचे संकट अधिक मोठे

नराच्या चाव्याची चर्चा होते. मादीचे दुखणे गुपचूप वाढते. घरात एकच इग्वाना आहे, नराशी कधी गाठ पडलेली नाही, तेव्हा अंड्यांचा प्रश्नच नाही, असे मालक गृहीत धरतात. ही समजूत चुकीची आहे. अंडी देणाऱ्या कोंबड्या कोंबड्याशिवायही अंडी घालतात, तशीच इग्वानाची मादीही निर्जीव अंडी धरते. त्यांची संख्या दोन-चार नसते. पूर्ण वाढलेल्या मादीच्या पोटात एका खेपेला वीस ते सत्तर अंडी असू शकतात. पोटातली सगळी जागा ती व्यापतात.

अशी मादी काही आठवडे खाणे कमी करते किंवा थांबवते, अस्वस्थपणे फिरते, कोपरे खणते आणि हात लावला तर फटकारते. रानात ती खणायला जागा शोधते. पनामात बॅरो कोलोरॅडो बेटाजवळ स्लोथिया नावाचे एक चिमुकले बेट आहे. तिथे दरवर्षी इग्वानाच्या माद्या अंडी घालायला येतात आणि मोकळ्या मातीच्या एवढ्याशा तुकड्यावरील बिळांसाठी आपसात भांडतात. १९६०च्या दशकापासून शास्त्रज्ञांनी ते नोंदवून ठेवले आहे. बिळाची जागा मादीसाठी किती मोलाची असते, हे यावरून कळावे. फरशीच्या घरात, गुळगुळीत काचेच्या पेटीत तिला ती जागा मिळतच नाही. मग ती अंडी धरून ठेवते आणि ती आत अडकतात. वेळेवर उपचार झाले नाहीत, तर मादी दगावते.

म्हणून मादी मोठी झाली, की हंगामाआधीच तिच्या पूर्ण शरीराला आत शिरता येईल, वळता येईल एवढा खोल खोका ओलसर वाळू-मातीने भरून द्यावा. त्याला एका बाजूने तोंड असावे आणि आत अंधार असावा. तिथे ती खणत असताना सारखे डोकावू नये. खात नसली, तरी तरतरीत, डोळे उघडे आणि हालचाल चांगली असेल, तर थोडी वाट पाहता येते. ती मलूल पडली, पाय थरथरू लागले, मागचे पाय ओढू लागली, किंवा थोडी अंडी घालून थांबली आणि पोट तसेच फुगलेले राहिले, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. अंडी पोट दाबून बाहेर काढण्याचा प्रयत्न घरी कधीही करू नये. ती आत फुटतात. पिल्ले नकोच असतील, तर मादीची अंडाशये वेळेत काढून टाकण्याचा सल्ला अनेक पशुवैद्य देतात.

यामागे कॅल्शियमचे गणित आहे. अंड्याच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम आहारातून आले नाही, तर ते मादीच्या हाडांतून ओढले जाते. ते शरीरात जिरण्यासाठी ड जीवनसत्त्व हवे आणि त्यासाठी उन्हातले अतिनील ब किरण. खिडकीच्या काचेतून ऊन आत येते, पण हे किरण काच अडवते. लहान मुलांत ज्या कारणाने मुडदूस होतो, जवळजवळ त्याच कारणाने पेटीतल्या सरड्यांची हाडे मऊ होतात, जबडा सुजतो, पाय वाकतात. अंडी धरलेल्या मादीत हे संकट दुप्पट होते. बाल्कनीतले सुरक्षित जाळीमागचे ऊन किंवा योग्य दिवा, आणि कॅल्शियम असलेला पालेभाज्यांचा आहार ही चैन नाही, गरज आहे. पालक मात्र मुख्य आहार असू नये, कारण त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते.

एकट्या मादीची पिल्ले

इतर सरड्यांतही अशा अनपेक्षित गोष्टी घडतात. लेपर्ड गेको या पालीसारख्या प्राण्याची मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवू शकते. त्यामुळे विकत आणल्यानंतर काही महिन्यांनी, घरात नर नसताना तिने जिवंत अंडी घातली, तर चमत्कार समजू नये. याच प्राण्यात पिल्लू नर होणार की मादी, हे अंडे किती उबेत वाढले यावर ठरते. कमी उबेत बहुतेक माद्या, साधारण ३२.५ अंश सेल्सिअसला बहुतेक नर आणि त्याहून गरम झाले की पुन्हा बहुतेक माद्या. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातील डेव्हिड क्रूज आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की अधिक उबेत वाढलेल्या अंड्यांतून निघालेल्या माद्या इतर माद्यांपेक्षा जास्त आक्रमक असतात. म्हणजे एखाद्या प्राण्याच्या तापटपणाचे मूळ मालकाच्या वागणुकीत नसून अंड्यातल्या दिवसांत असू शकते.

ऑस्ट्रेलियातला बिअर्डेड ड्रॅगनही आता घरोघर पोहोचला आहे. त्याचा नर रागावला की गळा फुगवून काळा करतो आणि जोरजोरात मान हलवतो. लहान किंवा दबलेला प्राणी एक पाय उचलून हळू गोल फिरवतो. लोक त्याचा ‘टाटा’ म्हणून व्हिडीओ काढतात. प्रत्यक्षात तो ‘मी हरलो, मला मारू नकोस’ असे सांगत असतो. एकत्र ठेवलेल्या दोघांत हे सतत दिसत असेल, तर त्यांना वेगळे करण्याची वेळ झाली. या प्राण्याची एकटी मादीही निर्जीव अंडी घालते. ती फलित नसतात, त्यांना उबवण्यात अर्थ नसतो.

काही सरड्यांत एकटी मादी खरोखरच पिल्लांना जन्म देते. इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालयातल्या फ्लोरा नावाच्या कोमोडो ड्रॅगन मादीची नराशी कधीच भेट झालेली नव्हती. तरीही तिने जिवंत अंडी घातली. जनुकीय तपासणीने ते सिद्ध झाले आणि २००६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याची नोंद झाली. इग्वानाच्या मालकांनी मात्र या कहाणीवर विसंबून अंडी उबवत बसू नये. त्यांनी लक्ष द्यायचे ते मादीच्या तब्येतीकडे.

चावल्यावर काय करावे

इग्वानाचे दात लहान असतात, पण करवतीसारखे असतात. ते कातडी कापतात. बोट, मनगट, ओठ, नाक, कान या जागी खोल जखम होऊ शकते. बोटात स्नायूंच्या दोऱ्या आणि नसा कातडीच्या अगदी खाली असतात. नखांनी ओरखडे येतात आणि शेपटीचा फटका डोळ्यावर बसला तर गंभीर ठरतो.

त्याने हात धरून ठेवला असेल, तर हिसका देऊन ओढू नये. ओढल्याने जखम फाटते. त्याच्या अंगाला खालून आधार द्यावा, डोक्यावर कापड टाकून डोळे झाकावेत. अंधार झाला की बरेचदा पकड सैल होते. सुटल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने दहा-पंधरा मिनिटे धुवावी. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरावे. हळद, चुना, कॉफी पावडर, टूथपेस्ट यांतले काहीही लावू नये आणि वर दोरी आवळून बांधू नये.

यानंतर घाबरण्याचे कारण नाही, पण दुर्लक्षही नको. जखम खोल असेल, हातावर, सांध्याजवळ किंवा चेहऱ्यावर असेल, बोट नीट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर लगेच रुग्णालयात जावे. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली हे सांगावे. प्रतिजैविक द्यायचे की नाही, टाके घालायचे की जखम उघडी ठेवायची, हे डॉक्टर ठरवतील. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा आजार आहे. सरडा, पाल, साप, कासव यांच्या चाव्याने तो होत नाही, त्यामुळे त्यासाठी लसही लागत नाही. कुत्रा, मांजर, माकड यांच्या बाबतीत मात्र हा नियम लावू नये. तिथे लस चुकवणे जिवावर बेतते. आणि इग्वाना चावल्याने विष चढून माणूस दगावत नाही.

जखम भरून आल्यानंतरही काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. २०२३ मध्ये डॉक्टरांनी एका प्रकरणाची माहिती दिली. कोस्टारिकात सहलीला गेलेल्या एका चिमुरडीच्या हातावर रानातला इग्वाना चावला होता. जखम बरी झाली, पण काही महिन्यांनी त्या जागी गाठ वाढू लागली. तपासणीत मायकोबॅक्टेरियम मरायनम हा क्षयाच्या जंतूच्या कुळातला जंतू सापडला. योग्य औषधांनी ती सुधारली. असे क्वचितच घडते. पण गाठ घेऊन महिन्यांनंतर डॉक्टरांकडे जाताना ‘इथे इग्वाना चावला होता’ हे एक वाक्य सांगितले, तर निदानाचा रस्ता छोटा होतो.

न चावताही होणारा त्रास

चाव्यापेक्षा जास्त व्यापक धोका आहे तो साल्मोनेला या जंतूचा. सरपटणाऱ्या अनेक प्राण्यांच्या आतड्यांत तो असतो आणि प्राणी मात्र ठणठणीत दिसतो. विष्ठेवाटे तो पेटीत, पाण्यात, प्राण्याच्या अंगावर आणि तिथून हातावर येतो. विणीच्या काळात प्राणी जास्त फिरतो, सगळीकडे अंग घासतो, अंड्यांची साफसफाई करावी लागते. म्हणजे संपर्क वाढतो.

१९९६ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर प्राणिसंग्रहालयात कोमोडो ड्रॅगन पाहून आलेले अनेक जण आजारी पडले. त्यांत मुले जास्त होती. प्राण्याला कोणी स्पर्श केलेला नव्हता. कुंपणाच्या लाकडी कठड्याला हात लागले होते आणि तेच हात तोंडात गेले होते. हात धुतलेल्यांना आजाराचा धोका कमी असल्याचे तपासात दिसले. मोठ्या माणसाला या जंतूने ताप-जुलाब होऊन बरे वाटते. तान्ह्या बाळात मात्र तो रक्तात, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. म्हणून पाच वर्षांखालचे मूल, वृद्ध, किंवा कर्करोगाचे उपचार घेणारे कोणी घरात असेल, तर सरपटणारा प्राणी पाळूच नये, असा स्पष्ट सल्ला आहे. इतर घरांत प्राणी स्वयंपाकघरात फिरू नये, त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत, त्याचे मुके घेऊ नयेत आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत. घरात कोणाला जुलाब-ताप आला, तर डॉक्टरांना या पाहुण्याची माहिती द्यावी.

जबाबदारी कोणाची

दुसऱ्या किंवा तिसऱ्या हंगामानंतर अनेक मालकांचा धीर सुटतो. अमेरिकेतील फ्लोरिडात सोडून दिलेल्या आणि निसटलेल्या इग्वानांची आज प्रचंड संख्या झाली आहे. ते बंधाऱ्यांत, पदपथांखाली बिळे खणतात, बागा फस्त करतात. २०२१ मध्ये तिथल्या वन्यजीव आयोगाला हिरवा इग्वाना प्रतिबंधित प्रजातींच्या यादीत घालावा लागला. तैवानच्या दक्षिण भागातही हीच डोकेदुखी आहे. महाराष्ट्र आणि गोव्याची उबदार, दमट किनारपट्टी अशा प्राण्याला मानवणार नाही, असे समजण्याचे कारण नाही. इथला इग्वाना उद्यानात किंवा खाडीकाठी सोडणे ही दया नव्हे. बहुतेक प्राणी तिथे उपासमारीने, कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी जाऊन मरतात आणि जगले तर ते अधिक मोठे संकट.

कायदाही आता मोघम राहिलेला नाही. हिरवा इग्वाना आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अशा प्रजातींचा चौथ्या अनुसूचीत समावेश झाला. २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार असा प्राणी जवळ असल्याची नोंद परिवेश पोर्टलवरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. प्राण्याचे हस्तांतर, मृत्यू आणि जन्म यांचीही माहिती द्यावी लागते. म्हणजे घरातली अंडी फुटून पिल्ले निघाली, तर तीही नोंदीचा विषय आहे, शेजाऱ्यांना वाटून टाकण्याचा नव्हे. आपली घोरपड तर पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पाळणे हा गुन्हाच आहे.

पण केवळ मालकाला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. वीतभर पिल्लू विकताना ते पाच-सहा फुटांचे होईल, पंधरा-वीस वर्षे जगू शकेल, नर असेल तर दरवर्षी काही आठवडे त्याला हात लावता येणार नाही आणि मादी असेल तर तिला अंड्यांसाठी माती लागेल, या चार गोष्टी लेखी देणे विक्रेत्यावर बंधनकारक व्हायला हवे. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य मोठ्या शहरांतही मोजकेच आहेत. प्राणी घेण्याआधी असा डॉक्टर आपल्या गावात आहे का, हे पाहणे आवश्यक. तो नसेल, तर तो प्राणीही नसावा. आणि ज्यांच्याकडे तो आहे, पण सांभाळणे आता झेपत नाही, त्यांनी तो रात्री गुपचूप सोडण्याऐवजी वन विभागाला किंवा मान्यताप्राप्त बचाव केंद्राला कळवावे.

ज्या घराने इतकी वर्षे सांभाळले, त्याने एक हंगाम आणखी नीट सांभाळायला हरकत नाही. आरसे झाकावेत, दिव्याच्या वेळा ठरवाव्यात, मुलांना पेटीपासून दूर ठेवावे आणि दोन महिने लाड थांबवावेत. अंगावरची नारिंगी झाक ओसरली, भूक परत आली, मान स्थिर झाली, की तो पुन्हा पूर्वीसारखा पान घ्यायला पुढे येतो. पुढच्या हिवाळ्याची तारीख मात्र दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावी.